हुंबरण्याची राणी आणि खोताची खुर्ची

फार वर्षांपूर्वी, म्हणजे हुंबरण्याला डांबरी रस्ता सोडाच, धड बैलगाडीही जात नव्हती तेव्हा, त्या गावात एक राणी राहत होती. राणी म्हणजे कोण, तर रवळू. खोताचं शेत कसणारं साधं कूळ, हातापायांनी दणकट, आवाजानं मात्र गोड. वर्षभर गुडघाभर चिखलात आणि वर्षातून एक दिवस राणी. भात कापून झालं आणि जत्रा आली की देवाच्या कुणग्यात, म्हणजे देवळापुढच्या मोठ्या भातखाचरात, दशावताराचा खेळ उभा राहायचा. रवळू नऊवारी नेसून, तोंडाला रंग लावून त्यात उभा राहिला की म्हाताऱ्या बायासुद्धा आपापले पदर नीट करायच्या, असं म्हणतात.

इतर गावांत हा खेळ रात्रभर चालतो. हुंबरण्यात तो दुपार कलताना सुरू व्हायचा आणि दिवेलागणीला संपायचा, कारण खालच्या वाडीच्या लोकांना ओढा ओलांडून, रान तुडवून घर गाठायचं असे. त्यांच्या पायांवरून गावानं खेळाची वेळ ठरवली होती. वर छप्पर नाही, बाजूला भिंत नाही. एक पडदा आणि एक लाकडी बाकडं. बाकड्यावर बसेल तो राजा. बाकी सगळे, खालची वाडी, वरची वाडी आणि खोताच्या घरची माणसंही, कापलेल्या भाताच्या धसकटांवर बूड टेकून बसायचे. धसकटं सगळ्यांना सारखीच टोचायची.

या खेळात कुणी लिहून दिलेलं बोलत नाही. गोष्ट ठरलेली असते, शब्द उभ्याउभ्या जिभेवर येतात. आणि तोंडाला एकदा रंग लागला की दहीकाला झाल्याशिवाय तो पुसायचा नाही. कुणग्याच्या कडेला उंबर आहे, त्याच्या फांदीला दह्याचं मडकं टांगलेलं असे. ते फुटलं की खेळ संपला. त्याआधी राजा तो राजा आणि राणी ती राणी.

त्या वेळी गावचा खोत होता विसाजी. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण चार माणसांत आपण जरा उंच दिसावं ही हौस त्याला फार होती. धसकटांवर बसायची त्याला लाज वाटू लागली. एका वर्षी त्यानं आपल्या अंगणात सागवानी खांबांचा, कौलारू मांडव उभा केला, भोवती दगडांचा गडगा घातला आणि जाहीर केलं, “यंदापासून खेळ इथं. वरची वाडी आत बसेल, खालची गडग्याबाहेर. ऐकू येईल की त्यांना.”

खेळाचा मेळ, म्हणजे नट-वाजंत्र्यांची मंडळी, सांभाळायचा तातू नाईक. राजाचं काम तोच करायचा आणि बोलण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. पण खोतापुढे त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. तो मान खाली घालून परत आला आणि रवळूला म्हणाला, “खोत म्हणता, तेंका ऐकाक येतला.”

रवळू म्हणाला, “ऐकाक येतला. आणि बघूचा कोणी?”

तेवढंच. पण तातू नाईकाला ते असं लागलं की त्या वर्षीही पडदा कुणग्यातच उभा राहिला.

गोष्ट लावली होती वज्रसेन राजाची. राजा उन्मत्त होतो, राज्यातल्या तळ्याला कुंपण घालतो आणि त्याचीच राणी हेमावती भर सभेत त्याला जाब विचारायला येते. उन्हं उतरली होती. तातू नाईक बाकड्यावरून गरजला, “बोल राणी, काय तुझं मागणं?” रवळूनं पदर खोचला, सगळ्या सभेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, “महाराज, या सभेत मी एकच विचारते...”

आणि म्हशी आल्या.

खोतानं गुराख्यांकरवी आपला गोठा कुणग्यात सोडला होता. म्हशींना काय, खेळ आणि चारा सारखाच. बायामाणसं उठून धावली, म्हातारी माणसं धसकटांवर पडली, पडदा फाटला, मृदंगावरून म्हैस चालत गेली. अर्ध्या घटकेत कुणगा रिकामा झाला. उंबरावरचं मडकं तेवढं तसंच राहिलं, न फुटता.

मेळातल्या सगळ्यांनी ओढ्यावर जाऊन तोंडं धुतली. रवळूनं धुतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुळीथ पेरायला गेला तो तसाच. तोंडाला पांढरा रंग, कपाळी चंद्रकोर, अंगावर नऊवारी. बांधावर खोत भेटला.

“हे काय सोंग, रवळू? तोंड धू.”

“सोंग नाय, राणी आसा,” रवळू म्हणाला. “खेळ मोडूक नाय. थांबलो आसा.”

खोत हसला. पण मागून खालच्या वाडीतल्या दोन बाया गवताचे भारे घेऊन येत होत्या. त्यांनी भारे खाली ठेवले आणि राणीला वाकून नमस्कार केला. खोताला नुसतीच वाट दिली. तेव्हा तो हसायचा थांबला.

रवळू तसाच राहिला. राणीच्या वेषात त्यानं लाकडं फोडली, भांडी विसळली, बाजाराला गेला. परगावची पोरं टिंगल करायची, “राणीसायेब, मासळी काय भाव?” तो मासळी घेऊन शांतपणे परत यायचा. आख्खा पावसाळा डोक्यावरून गेला, पण तोंडावरचा रंग उतरला नाही, असं म्हणतात. आणि उंबरावरच्या मडक्यातलं दही आंबलं नाही, कावळ्यानं त्याला चोच लावली नाही, असंही म्हणतात. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मडकं पाहिलेलं नाही, पण उंबर पाहिला आहे.

गावाला मात्र दुसरंच काही छळत होतं. राणी काय विचारणार होती? वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं आणि उरलेलं अर्धं रवळूच्या पोटात होतं. विहिरीवर, खळ्यावर, न्हाव्यापुढे, जिथं चार माणसं जमतील तिथं हीच चर्चा. कुणी म्हणे तळ्याचं विचारणार होती, कुणी म्हणे देवाचं. रवळूला गाठून विचारलं की त्याचं एकच उत्तर, “सभेत इचारतली.”

ही खाज खोतालाही सुटली. त्यानं रवळूला अंगणात बोलावलं. “इथं मांडवात उभा राहा, राणीचं वाक्य पुरं कर आणि तोंड धुऊन घरी जा. शेत तुझ्याकडेच राहील.”

“ह्यी सभा न्हय,” रवळू वर कौलांकडे बघत म्हणाला.

त्याच आठवड्यात खोतानं त्याचं शेत काढून दुसऱ्याला दिलं. पुढं कितीतरी दिवस रवळूच्या घरी चूल पेटायची ती शेजाऱ्यांच्या तांदळावर. खालच्या वाडीची माणसं ओढा ओलांडून पेज आणून ठेवायची. जाताना एकदा राणीच्या तोंडाकडे बघायची, एवढंच.

तेच रवळूला सहन होईना. एका सकाळी त्यानं बायकोला, आवडीला, चुलीपाशी बसून खरं काय ते सांगितलं.

“माका म्हायतच नाय गो.”

“काय?”

“राणी काय इचारतली ता. तेव्हा जिभेर येतला असा वाटला होता. तेवढ्यात म्हशी इल्यो. मगे किती आठवलंय, काय नाय. सगळो गाव वाट बघता आणि माझ्या पोटात काय एक नाय.”

आवडी पीठ मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “घरात खंयचा येतला? राणी काय चुलीपुढे बसान बोलता? तुमी कुणग्यात उभे रवा. येतला.”

“आणि नाय इला तर?”

“मगे मी इचारीन. माका खोताक इचारूक खूप काय आसा.”

रवळू कितीतरी दिवसांनी हसला.

वर्ष फिरून जत्रा आली. खोतानं हुकूम काढला, कुणग्यात यंदा नवा खेळ उभा करायचा नाही. तातू नाईकानं निरोप पाठवला, “नवो खंयचो? गेल्या वर्साचोच संपाक नाय.” आता त्यालाही जीभ फुटली होती. खोतानं बाहेरगावची नावाजलेली मंडळी आणून मांडवात खेळ लावला आणि वरच्या वाडीला आग्रहाचं बोलावणं धाडलं. वरची वाडी गेली. पानसुपारी खाल्ली, मांडीवर मांडी टाकून बसली. आणि खालून कुणग्यातून मृदंगाचा पहिला बोल ऐकू आला. मग एक जण लघवीला म्हणून उठला, तो परत आलाच नाही. दुसरा त्याला बघायला गेला, तोही गेला तो गेलाच. थोड्याच वेळात मांडवात उरला एकटा खोत, आणि त्याच्यापुढे तलवारी परजणारे परगावचे दोन राक्षस. थोडं थांबून त्या राक्षसांनीही तलवारी काखेत मारल्या आणि कुणग्याची वाट विचारली, असं म्हणतात.

म्हशी सोडायला खोतानं गुराख्यांना हाक मारली. गुराखी कुणग्यात पुढची जागा धरून बसले होते. शेवटी त्यानं आपली बसायची मोठी खुर्ची गड्याच्या डोक्यावर दिली आणि स्वतःच खाली निघाला. खेळ बंद पाडायला निघाला होता की वाक्य ऐकायला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

कुणग्यात तातू नाईक बाकड्यावर चढला आणि वर्षापूर्वीचंच बोलला, “बोल राणी, काय तुझं मागणं?”

रवळू पुढे आला. पदर खोचला. “महाराज, या सभेत मी एकच विचारते...”

आणि पुढं काही नाही. कुणगा भरलेला होता, ओढ्यापर्यंत माणसंच माणसं. आवडी पुढे बसली होती, ती उठायच्या तयारीनं एक गुडघा टेकून राहिली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत खुर्ची आली. गड्यानं ती अगदी पुढे मांडली आणि खोत तिच्यावर बसला. गड्यानं पंच्यानं मान पुसली, इकडेतिकडे बघितलं, आणि तो मागं सरकून आपल्या बायकापोरांत जाऊन धसकटांवर बसला. आता त्या अख्ख्या कुणग्यात खोत तेवढा उंच आणि त्याच्या आजूबाजूला कुणी नाही.

रवळूनं ते पाहिलं. त्यानं बाकड्यावरच्या राजाकडे पाठ केली, खुर्चीकडे तोंड केलं आणि राणी बोलली, “आम्ही उठून गेलो, तर तुम्ही राजे कोणाचे?”

तातू नाईक बाकड्यावरून उतरला आणि मुकुटासकट धसकटांवर बसला. मग सगळ्या कुणग्यानं खोताकडे पाहिलं.

खोतानं काय केलं याच्या दोन तऱ्हा सांगतात. वरच्या वाडीत सांगतात की तो खुर्चीवरून उतरून लोकांत बसला. खालच्या वाडीत सांगतात की तो उठून चालता झाला. मला खालच्या वाडीचं खरं वाटतं, कारण रवळूचं शेत काही त्यानं परत दिलं नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच सांगतात. खुर्ची तिथंच राहिली.

त्या दिवशी उंबरावरचं मडकं कुणी काठी लावायच्या आधीच फुटलं, आणि आतलं दही सकाळी विरजल्यासारखं गोड होतं, असं म्हणतात. रवळू ओढ्यावर गेला, ओंजळभर पाणी घेतलं आणि रंग एका फटक्यात उतरला. वर्षभरानं आवडीला नवऱ्याचा चेहरा दिसला. तो बराच म्हातारा झालेला बघून तिला रडू आलं.

आता हुंबरण्यात जत्रेला मोठा महोत्सव भरतो. लांबलांबचे मेळ येतात. सरकारनं मध्ये पंखेबिंखे लावून सभागृह बांधून दिलं, त्यात गाव गवत ठेवतं. खेळ कुणग्यातच होतो, दुपार कलताना, उघड्या आभाळाखाली. पहिल्या दिवशी राणी म्हणते, “महाराज, या सभेत मी एकच विचारते...” आणि थांबते. मग दोन्ही वाड्या निघून जायला उठल्यासारख्या उभ्या राहतात, एका आवाजात पुढचं विचारतात आणि पुन्हा खाली बसतात.

खोताची खुर्ची अजून आहे. दर वर्षी पुसून सगळ्यांच्या पुढे मांडतात. जो कुणी मोठा पाहुणा येईल त्याला आदरानं सांगतात, बसा की, पण बसण्याआधी राणीला उत्तर द्या. अजूनपर्यंत कुणी बसलेलं नाही. मागं एक मंत्री आले होते. गळ्यात हार, बरोबर पुष्कळ माणसं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवूनच पाणी मागून प्याले, आणि मग धोतर आवरून लोकांत खाली बसले.

धसकटं त्यांनाही टोचली.