तिन्हीसांजेचं विरजण

हिवरखोऱ्याचा ओढा बारा महिने वाहायचा आणि कोल्हे पाणी प्यायला पार पाटलाच्या परसापर्यंत यायचे, त्या काळातली ही गोष्ट. म्हणजे फार जुनी. आज त्या ओढ्यात पाणी बघायचं तर पावसाळ्यात जावं लागतं, आणि कोल्हा तर कुणाच्या आजोबांनीही पाहिलेला नाही. पण गोजराआक्का म्हटलं की गावातलं शेंबडं पोरही सांगेल की तिचं घर वरच्या आळीत होतं. घर कुठलं, आता तिथं नुसती मोकळी जागा आहे.

गोजरा लग्न होऊन आली तेव्हा गाडीत तिच्या मांडीवर एक लहान मडकं होतं. त्यात आईच्या घरचं विरजण होतं. आजच्या दह्यातलं चमचाभर काढून ठेवायचं, ते उद्याच्या दुधाला लावायचं, त्यातलं पुन्हा परवाच्या दुधाला. असं ते तिच्या आईकडं आईच्या आईकडून आलं होतं आणि तिच्याकडं तिच्या आईकडून. गाडी हलायच्या आधी आईनं बजावलं होतं, "ह्ये मोडू देऊ नगंस, बाई. आन एक ध्यानात ठेव, तिन्हीसांजेला कुणी बी मागू दे, द्याचं न्हाई. घरातली लक्षुमी त्याच्या मागनं जाती."

गोजरानं मान डोलावली आणि रडत रडत सासरी आली. मडकं मात्र हिंदकळू दिलं नाही.

तिच्या हाताचं दही कसं होतं यावर गावाचं आजही एकमत नाही. कुणी म्हणतं, त्यात भाकरी उभी केली तर उभीच राहायची. कुणी म्हणतं, ते विळीवर चिरून वाटावं लागायचं. सुतारांच्या घरी तर असं सांगतात की एकदा शिंकं तुटलं, मडकं फुटून त्याच्या खापऱ्या झाल्या, आणि दही आपलं मडक्याच्या आकारात जमिनीवर उभं. सुतार जरा वाढवून सांगतात. पण कडाक्याच्या थंडीत साऱ्या गावाचं दूध नुसतं गार पडून राहायचं, तेव्हाही गोजराचं दही लागायचं, एवढं सगळेच मानतात.

हिवरखोऱ्याचं खाणं तेव्हा साधं होतं. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, परसातल्या शेवग्याच्या शेंगा, आणि ज्वारी भरडून ताकात शिजवलेल्या कण्या. मीठ तेवढं बाहेरून यायचं, बाकी सगळं शिवारातलं. गोजराच्या ताक-कण्यांत ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ यापलीकडं काही नसायचं. तरी तिच्या चुलीवर कण्या रटरटायला लागल्या की आळीतली माणसं काही ना काही निमित्त काढून तिच्या दारावरून जायची. तिचा नवरा बाळकू फार कमी बोलायचा. तो दुसऱ्यांदा वाटी पुढं करायचा आणि त्यातच तिला सगळं मिळायचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गोजरा म्हणायची, माझं हे मडकंच माझी लेक आहे, रोज न्हाऊ घालते आणि रोज निजवते.

विरजण तिच्याकडं सारा गाव मागायचा आणि ती द्यायची. फक्त तिन्हीसांजेला नाही. आता यातली गंमत अशी, की धारा काढायच्या तिन्हीसांजेला, दूध तापवून विरजायचं त्यानंतर, विरजणाची आठवण व्हायची तीही तेव्हाच, आणि नेमकी द्यायची बंदी तेव्हाच. त्यामुळं हिवरखोऱ्यात बायका ऊन डोक्यावर असतानाच वाट्या घेऊन फिरायच्या. कुणाला हे विचित्र वाटलं नाही. चालत आलं होतं, म्हणून चालत होतं.

मग एका हिवाळ्यात बुळकांड्या आला. गुरांचा रोग तो. सकाळी चारा खाल्लेलं जनावर दोन दिवसांत आडवं व्हायचं. दावणी रिकाम्या व्हायला लागल्या. गावकरी चावडीवर जमले आणि सुभाना पाटलानं ठरवून टाकलं, की रोग हटेपर्यंत या घरचं दूध, दही, ताक त्या घरी जायचं नाही. रोग पांढऱ्याच्या मागोमाग जातो, असं कुणीतरी सांगितलं होतं. विरजण तर नाहीच नाही, आणि तिन्हीसांजेला तर नावच नको.

झालं. ज्यानं त्यानं आपापलं मडकं झाकून ठेवलं. ज्याची गाय गेली त्याचं दूध गेलं, आणि दूध गेलं की विरजण किती दिवस टिकणार? आंबून, बुरा धरून उकिरड्यावर गेलं. शेजारच्या घरात अजून दही लागत असायचं, पण द्यायचं नाही असं ठरलेलं, आणि मागायचं नाही असंही ठरलेलं. एकेका घरातलं दही असं मुकाट्यानं संपत गेलं. शेवटी गोजराची मोरी गाय तेवढी दूध देत राहिली.

एक दिवस दिवेलागणीला गोजराच्या दारात धुरपा येऊन उभी राहिली. धुरपा धनगराची. गावाच्या खालच्या अंगाला त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, पडलेला असायचा. गोजराचं आणि तिचं मुळीच पटायचं नाही, कारण धुरपाच्या शेळ्यांनी गोजराचा शेवगा दोनदा शेंड्यापर्यंत ओरबाडला होता आणि दोन्ही वेळा धुरपानं शेवग्यालाच दोष दिला होता. त्या दिवशी मात्र ती खाली मान घालून उभी होती. हातात करवंटी होती.

"आक्का, इरजण दे," ती म्हणाली.

"आत्ता? दिवा लागला न्हवं?"

"सकाळी आमी मेंढरं घिऊन खाली कोकणात उतरतोय. आमची गाय गेली, इरजण बी गेलं. शेरडं हाईत, दूध हाय. पर आमची म्हातारी आठ-धा रोज काय खाईना. भाकरी ठेवली तर थुकती. ताक-कण्या मागती नुसती. ताक कुठनं आणू? मरंल गं वाटंत."

गोजरा उंबऱ्याच्या आत उभी होती. पाटलाचा शब्द तिला आठवला, पण त्याचं फारसं वाटलं नाही. आईचा शब्द आठवला आणि तिथं ती अडली. एवढ्या वर्षांत तिनं तो एकदाही मोडला नव्हता. उद्या सकाळी ये म्हणावं, तर सकाळी ही माणसं घाट उतरत असणार. नाही म्हणावं, तर म्हातारीला तिनं पाहिलेलं होतं. ओढ्यावर भेटली की म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवायची आणि "लेकी" म्हणायची. दुसरं कुणी तिला लेकी म्हणत नव्हतं.

ती आत गेली आणि मडकं घेऊन आली.

"तुझ्या शेरडांनी माझा शेवगा खाल्ला," करवंटीत दही घालता घालता ती म्हणाली. "त्ये मी इसरले न्हाई."

"नगं इसरू," धुरपा म्हणाली. तिनं करवंटी पदराखाली घेतली आणि ती अंधारात दिसेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरी गाय उठली नाही.

गावात रोजच गुरं मरत होती. पण मोरी मेली ती गोजरानं मारली, असं दुपारपर्यंत ठरलं. करवंटी घेऊन दारात उभ्या असलेल्या धुरपाला कुणीतरी पाहिलं होतं. बायका म्हणाल्या, तिन्हीसांजेला दिलंस ना, गेली बघ लक्ष्मी. पाटील म्हणाला, एकीपायी गावाचं वाटोळं. बाळकूनं गाय पुरली, हातपाय धुतले आणि त्या रात्री दुसऱ्यांदा वाटी पुढं केली नाही. गोजराला गावाच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. कारण तिलाही मनातून तसंच वाटत होतं. मडक्यात उरलेलं दही दिवसेंदिवस आंबट होत गेलं. ते फेकायची वेळ आली तेव्हा ती मडकं मांडीवर घेऊन बसून राहिली. आईच्या आईपासून आलेलं तिच्या हातून संपलं, आणि ते दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नव्हती.

पुढं रोग हटला. लोकांनी लांबच्या बाजारातून गाई आणल्या, बाळकूनंही एक कालवड आणली, ती यथावकाश व्याली. दूध आलं. पण विरजायचं कशानं? कुणी चिंच टाकली, दूध फाटलं. कुणी मिरचीची देठं टाकली, दही लागलं पण खाताना नाकाडोळ्यांतून पाणी आलं, असं म्हणतात. बाजाराच्या गावातून विरजण आणलं तर दह्याला तार सुटायची आणि कढी उकळली की फुटायची. पाटील जेवायला बसायचा आणि वाटी सरकवून द्यायचा. कण्या चुलीवर शिजायच्या, पण त्या वासानं कुणी कुणाच्या दारावरून जाईना. गोजराला माहेराहून आणावं म्हटलं, तर माहेरच्या दावणीही त्याच रोगानं रिकाम्या केलेल्या होत्या आणि आई तर कधीच गेलेली होती.

अशी वर्ष-दोन वर्षं गेली. एकदा उन्हाळा सरता सरता खालच्या अंगाला कुत्री भुंकली आणि धुरपाचा वाडा परत आला. असं म्हणतात, की मेंढरांच्या पुढं काठी टेकत म्हातारी चालत होती, आणि जाताना होती त्याच्यापेक्षा ठणठणीत दिसत होती.

त्याच संध्याकाळी गोजरा चुलीपुढं बसली होती. दूध तापवून कोमट करून ठेवलं होतं, नेहमीप्रमाणं त्यात चिंच घालायची की नुसतंच पिऊन टाकायचं या विचारात ती होती. धुरपा दारात आली. तिच्या डोक्यावर चुंबळ होती आणि चुंबळीवर मडकं.

"आक्का, भांडं फुडं कर."

गोजरानं झाकणी काढून पाहिलं. पांढरंशुभ्र, घट्ट दही. वास नाकात गेला आणि तिचे डोळे भरून आले.

"शेरडाच्या दुधावर जगवलंय," धुरपा सांगायला लागली. "म्हातारीला रोज ताक-कण्या. पावसात चिखलात, कुठं बी तळ पडला तरी सांजंला इरजायचं सोडलं न्हाई. एकदा नदी उतरताना मडकं डोक्यावर आन लेकरू काखंत, लेकरू रडलं पर मडकं हललं न्हाई. दोनदा माझ्याकडचं मोडलं बी. पर मागल्या तळावर शेजारणींना दिल्यालं, त्यांच्याकडनं परत आणलं. जी मागंल तिला देत गेले. न्हाईतर कवाच संपलं असतं."

गोजरा ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं पर दिवा लागलाय. आत्ता देतीस? तुझी लक्षुमी..."

"तू दिल्यालंस, त्ये कवा दिल्यालंस?" धुरपा म्हणाली आणि तिनं मडकं पुढं केलं.

गोजरानं त्या रात्री दूध विरजलं. सकाळी बाळकूनं बोट बुडवून चाखलं, थोडा वेळ तोंडात धरलं आणि म्हणाला, "ह्येच त्ये. तुज्या आईचं." मग बाहेर जाऊन तो बराच वेळ गोठ्याशी उभा राहिला. आत येऊन त्यानं वाटी पुढं केली, आणि ती रिकामी झाल्यावर दुसऱ्यांदा पुढं केली.

वास आळीत पसरायला वेळ लागला नाही. ऊन चढायच्या आत बायका वाट्या घेऊन दारात हजर. गोजरानं कुणालाच दिलं नाही. "सांजंला या," एवढंच म्हणाली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. एकदा हात पोळले तरी हिला अक्कल आली नाही, असं म्हणत त्या घरी गेल्या. पण सांज झाल्यावर आल्या सगळ्या.

तिनं दिवा लावला, उंबऱ्यावर बसली आणि द्यायला लागली. असं म्हणतात, की ती पळीनं काढत होती आणि मडक्यातलं दही खाली जात नव्हतं. वरची आळी झाली, खालची आळी झाली, वेशीबाहेरची घरं झाली, धनगरांचा वाडा झाला. सगळ्यांत शेवटी सुभाना पाटील स्वतः आला. हातात पितळी गडू होता.

"गोजराबाई, त्या वख्ताला आमचं चुकलं," तो म्हणाला.

"भांडं खाली धरा, सांडंल," गोजरा म्हणाली.

सकाळी गावातल्या झाडून साऱ्या गाई आपापल्या दावणीला उभ्या होत्या. एकही गेली नाही. उलट त्या वर्षी प्रत्येक कालवड गाभण राहिली, असं सुतार सांगतात. त्यांचं सोडा. पण ताक-कण्यांचा वास पुन्हा घराघरांतून यायला लागला, हे नक्की.

त्यानंतर गोजराच्या घरातलं विरजण किती तरी वेळा मोडलं. कधी गाय आटली, कधी ती आजारी पडली. दर वेळी ती वाटी घेऊन शेजारी जायची आणि आपलंच विरजण मागून आणायची. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पुढं म्हातारी होऊन ती गेली, त्या दिवशीही तिच्या मडक्यात ताजं दही होतं, आणि ते खालच्या आळीतून आणलेलं होतं.

तिची समाधी नाही, जत्रा भरत नाही. पण हिवरखोऱ्यात आजही विरजण तिन्हीसांजेलाच देतात. दिवा लागला की बायका वाट्या घेऊन निघतात आणि देणारी म्हणते, "आक्काचं घे." सकाळी मागायला गेलात तर घरात असूनही मिळणार नाही. गावची लेक सासरी निघते तेव्हा गाडी मुद्दाम दिवे लागेपर्यंत थांबवतात, वऱ्हाड कितीही कुरकुरू दे. आई तिच्या मांडीवर मडकं ठेवते आणि म्हणते, "मोडलं तर मोडू दे. मागंल तिला दे."

मग त्या लेकी दूरदूरच्या गावांत तिन्हीसांजेला विरजण देतात आणि सासूच्या शिव्या खातात. हिवरखोऱ्याची दिसतेय, असं लोक म्हणतात. त्या खाली मान घालून सगळं ऐकून घेतात. दुसऱ्या दिवशी दिवा लागतो, दारात कुणीतरी वाटी घेऊन उभी असते, आणि त्या पुन्हा देतात.