निवळीखालचं घंगाळ

तळ्याच्या काठावर ते वाकलेलं झाड दिसतंय ना, ते निवळीचं. त्याच्या पारावर पितळी घंगाळ कायम पालथं असतं. पाहुणे विचारतात, एवढं भांडं कुणी विसरलं का? विसरलं नाही हो. आमच्या गावात नीट विचार करून बोलणाऱ्याला नुसतं हुशार म्हणत नाहीत, ‘त्याला निवळ आहे’ असं म्हणतात. तो शब्द या घंगाळातून आला. बसा, सांगते. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेलं.

फार पूर्वी, म्हणे, जाखमातेच्या जत्रेत देवीची नथ नाहीशी झाली. गाभाऱ्यात वावर गुरवांच्या सगुणाचा. नवरा वारलेला, पदरात तान्ही लेक. संशय दुसऱ्या कुणावर जाणार? रायाजी पाटील माणूस वाईट नव्हता, पण डोकं तापट. देवीचे उतरवलेले हार तळ्यात सोडायचा मान त्याचा. तो उरकून ओल्या धोतरानेच पारावर येऊन बसला, असं सांगतात. भर उन्हात गाव गोळा झालं. देवीचं खाऊन देवीलाच लुटलं, असं बायकाही बोलल्या. सगुणा एकच सांगत राहिली, मी नथ घेतली नाही. पाटलाने मनाशी ठरवलं, दिवस मावळायच्या आत हिने लेकीला घेऊन गावाची शीव ओलांडायची.

निकाल सांगायला त्याने तोंड उघडलं तर घशाला कोरड. पारावर पाणी द्यायचं काम गुरवाचं. सगुणाने लेक एका म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि तळ्यातून घंगाळ भरून आणलं. जत्रेच्या बैलांनी तळं ढवळलेलं, पाणी नुसता चिखल. तिने निवळीच्या झाडाखालची एक बी सहाणेवर उगाळली, गाळ खाली बसावा म्हणून पाण्यात फिरवली आणि घंगाळाशी उभी राहिली.

“सगुणे, पाणी दे.”

“निवळू द्या, पाटील.”

“तुला गावाबाहेर काढायला बसलोय मी. माझ्या पोटाची काळजी तुला कशाला?”

“गढूळ पाणी मी आजवर कुणाला दिलं नाही. जाता जाता तरी कशाला देऊ?”

सगळं गाव त्या पाण्याकडे बघत बसलं. गाळ हळूहळू खाली बसत गेला, पाण्यात आधी झाडाची पानं दिसली, मग आभाळ. आणि मग तळाशी मोती चमकले. देवीची नथ! तिच्या आकड्यात हाराचा ओला दोरा अडकलेला.

एवढं मोठं तळं, आणि नथ आली ती नेमकी तिच्याच घंगाळात. बायकांनी पदर डोक्यावर घेतले म्हणे, बैलांच्या घंटासुद्धा थांबल्या.

पाटील उठला. “हार मी सोडला होता,” एवढंच म्हणाला. त्याने पागोटं उतरवून पारावर ठेवलं आणि त्या पाण्याची पहिली ओंजळ सगुणाला दिली. स्वतः तिच्यामागून प्यायला.

आजही गावात तंटा झाला की घंगाळ भरतात, बी उगाळतात. पाणी निवळेपर्यंत निकाल नाही. परवा बांधावरून दोन सख्खे भाऊ हातघाईवर आलेले, मी चुलीवरची आमटी उतरवून बघायला गेले. दोघेही घंगाळावर वाकून गाळ बसायची वाट बघत होते. पहिली ओंजळ आजही आरोप असलेल्यालाच मिळते, मग तो खरा असो की खोटा. आणि पाणी निवळलं की न्याय करणारा आधी स्वतः वाकून तळ बघतो, आपल्या हातचं काही खाली पडलेलं नाही ना.