चंद्रसेन नावाचं दार

फार फार जुनी गोष्ट. एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात विसोबा सुतार होता, त्याची बायको भागाई होती, आणि त्यांच्या घरात नुकतीच आलेली सून होती, सारजा. या घरावर काय ओढवलं ते ऐका. ऐकताना राग आला तर येऊ द्या. मलाही येतो.

गावानं नदीला बांध घातला होता. बांध राजाचा नव्हता, पाटलाचाही नव्हता. सगळ्यांनी दगड वाहिले होते, म्हणून पाणी सगळ्यांचं. ज्याला सुचेल त्यानं दुरुस्ती करावी, पाणी सोडायचं नवं दार बसवावं, आणि ज्यानं दार बसवलं त्यानंच त्याचं नाव ठेवावं, अशी रीत होती. रीत चांगली होती. माणसंही वाईट नव्हती. माणसं हुशार होती, तिथंच घात झाला.

एकानं आपल्या दाराला मेलेल्या बैलाचं नाव दिलं, पवळ्या. एकानं सासऱ्याला खूश करायला मालोजी म्हटलं. एकानं राजहंस म्हटलं, का तर कानाला गोड लागतं. आणि जादा पाणी परत नदीत सोडणारं, सगळ्यात मोलाचं दार विसोबानं घडवलं. त्याचं नाव चंद्रसेन. हा चंद्रसेन विसोबाच्या स्वप्नात आला होता म्हणे. दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात तो कधी गेला नाही.

चारही दारं एका ओळीत, सारख्याच सागाची. पाणी पुढं जमिनीखालच्या दगडी नळांतून वळायचं, त्यामुळं कुठल्या दाराचं पाणी कुठं जातं ते बघून कळायचं नाही. जुन्या माणसांना सगळं पाठ होतं. नव्यानं कुणी विचारलं की बांधावर हशा पिकायचा. मालोजी ठाऊक नाही तर आलास कशाला, म्हणायचे. आम्हीसुद्धा चुकत चुकतच शिकलो, म्हणायचे. आपल्याला ठेच लागली म्हणून दगड वाटेतच ठेवायचा, ही कुठली अक्कल? नवी माणसं दोन दिवस राबायची आणि तोंड पाडून निघून जायची. मग हेच शहाणे पारावर बसून कुरकुरायचे, की बांधावर हल्ली कुणी येत नाही.

बांध राखायला घराघराची पाळी असे. विसोबाच्या घरची पाळी आली, तेव्हा त्याचा गुडघा सुजला होता आणि मुलगा वऱ्हाडाबरोबर गेला होता; जवळजवळ सगळं गावच लग्नाला गेलं होतं. राखण सारजेवर आली. तिला सासरी येऊन नऊ दिवस झाले होते. ती विचारायला गेली, "मामंजी, कुठलं दार कशाचं, तेवढं सांगून ठेवा."

विसोबा हसला. बांधावर चार दिवस गेले की कळतं आपोआप, म्हणाला.

चार दिवस कुठले? दुसऱ्याच दुपारी डोंगरातून लोंढा आला. पाणी बांधाच्या माथ्याला टेकलं, दगड हलू लागले. विसोबाला अंथरुणातून उठवेना. घरासमोरून एक धनगर चालला होता, त्याला त्यानं पळवत बांधावर धाडलं. निरोप काय दिला? चंद्रसेन उघड. बस, एवढाच. नाव सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं, असं त्याला वाटलं.

धनगरानं धापा टाकत निरोप दिला. सारजेनं विचारलं, "चंद्रसेन कुठला, दादा?"

"मला काय ठाऊक, बाई? मला वाटलं, माणूस असंल."

परत जाऊन विचारायला वेळ नव्हता. सारजेनं विचार केला, एवढं पाणी नदीतच सोडायचं असणार; हंस पाण्यातला, तेव्हा राजहंस नदीकडचाच असणार. कुणीतरी तिला येता-जाता ते दार दाखवलं होतं. तिनं ते उघडलं. राजहंसाचं पाणी खळ्याकडं जायचं, आणि खळ्याला लागून गावाच्या बियाण्याचं पेव होतं. तरी बांधावरचं पाणी उतरेना, मग तिनं धनगराच्या मदतीनं उरलेली तिन्ही दारं खेचून उघडली. बांध वाचला. पेवातलं सगळं बी भिजून गेलं.

गाव परतलं आणि सभा बसली. पाटील म्हणाला, पोरगी पांढऱ्या पायाची, हिला माहेरी पोचवा. विसोबा मान वर न करता म्हणाला, मी तर स्वच्छ सांगून धाडलं होतं.

सारजा आतापर्यंत रडली नव्हती. आताही रडली नाही.

"मामंजी, स्वच्छ कुणाला? तुम्हाला. मी चुकले, कबूल. पण मी मूर्ख म्हणून चुकले का, ते आत्याबाईंना विचारा. चाळीस वर्षं त्या बांधावर तुमची भाकरी घेऊन जातात. आत्याबाई, चंद्रसेन कुठलं दार?"

भागाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "मला ठाऊक नाही, पोरी. विचारलं असतं तर हसले असते."

सभेत कुणी हसलं नाही. सारजेनं पाटलाकडं बघितलं. पाटील आपल्या जोड्यांकडं बघत होता, कारण त्याच्या घरची पाळी आजवर त्याचा गडीच करत आला होता.

विसोबा काठी टेकत उठला. तसाच बांधावर गेला. दुसऱ्या दिवसापासून चार दारांची चार नावं झाली: नदीकडचं, खळ्याकडचं, वरच्या मळ्याचं, खालच्या मळ्याचं. लिहिता कुणाला येत होतं? विसोबानं दारांवर खुणा कोरल्या. नदीच्या दारावर लाट, खळ्याच्या दारावर कणीस, वरच्या मळ्याला एक चढती रेघ, खालच्याला उतरती.

पाटील पुटपुटला, नावं फारच साधी झाली, भारदस्त काही राहिलं नाही. विसोबा त्याच्यावर कडाडला, "भारदस्त नावानं बी भिजवलं, पाटील. अजून काय भिजवायचंय?"

धनगर हिंडता माणूस. जाईल तिथं सांगत सुटला, की त्या गावात आता दारच सांगतं पाणी कुठं जातं. पूर्वी हसून हाकललेली माणसं एकेक करून परत आली. येताना घरचं बी घेऊन आली. त्या वर्षी एकही शेत पडीक राहिलं नाही.

गावानं बांधाची राखण सारजेच्या हाती सोपवली. विसोबाच्या घरात दाणा आला, दूध आलं, आणि वर्षाच्या आत पाळण्यात मुलगी आली. बारशाला भागाईनं विसोबाला विचारलं, नाव काय ठेवायचं? तो पाळण्याची दोरी धरून म्हणाला, "सारजेला विचार. मला त्यातलं कळत नाही."

त्या घराचं जसं भलं झालं, तसं ऐकणाऱ्यांचंही होवो.

सगळ्यांच्या वस्तूला नाव द्यावं ते नवख्याला वाट दाखवायला, आपली हुशारी मिरवायला नव्हे.