राजा, प्रधान आणि मधला बटाटा

एका हौशी नाट्यमंडळाचे मालक, दिग्दर्शक आणि नायक म्हणजे एकटे अण्णा उकिडवे. नव्या नाटकात ते राजा झाले होते. पण तालमीत टाळ्या पडायच्या त्या प्रधानाच्या वाक्यांना, आणि प्रधान होती शर्वरी खांबेटे.

प्रयोग तोंडावर आला तसे अण्णा म्हणाले, "प्रधानाची वाक्यं राजाला द्या आणि राजाची प्रधानाला. दोन कमांडचं तर काम!" आणि स्वतःच लॅपटॉपपुढे बसले. पहिल्या कमांडने त्यांनी फाइलमधल्या प्रत्येक 'राजा'चा 'प्रधान' केला आणि दुसरीने प्रत्येक 'प्रधान'चा 'राजा'. छापून बघतात, तर अख्ख्या नाटकात राजाच राजाशी बोलतोय!

"यंत्र बिघडलंय!" अण्णा गरजले. "माणूस ओळखायची अक्कल नाही त्याला."

"त्याने तुम्हाला अगदी बरोबर ओळखलंय, अण्णा," शर्वरी म्हणाली. "पहिल्या कमांडने सगळेच प्रधान झाले, दुसरीने सगळेच राजे. त्याला वाटलं, तुम्हाला नाटक एकट्यालाच हवंय."

मंडळी तोंड फिरवून हसली.

"मग अदलाबदल करायची कशी?"

"मध्ये तिसरं नाव लागतं. मूळ फाइल आहे माझ्याकडे. आधी राजाचा बटाटा करू, मग प्रधानाचा राजा आणि शेवटी बटाट्याचा प्रधान."

"म्हणजे मी बटाटा?"

"क्षणभरच हो, अण्णा! माझी वाक्यं हवीत ना?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "मूळ फाइलच छाप," ते म्हणाले. "राजाला काही मानमर्यादा असते."

टाळ्या मग पडायच्या तिथेच पडत राहिल्या.