भुकेल्या मुळाचा वास

माळाला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. मातीत एक बुरशी तुरीच्या मुळाची वाट पाहत होती. मूळ भुकेलं की वास सोडी. त्या वासावर बुरशी वाढे आणि मुळाला दूरचं सत्त्व पोचवी. ही तूर मात्र शेणाच्या ढिगाशेजारी उगवलेली. तिला भूक ठाऊकच नव्हती.

“दुसरं दार बघ की गं,” गांडूळ म्हणालं.

“वास आल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही, दादा.”

पुढे ढीग सरला. तूर पिवळी पडली, तरी तिनं वास दाबून धरला. “त्या बुरसटलेलीपुढे तोंड वेंगाडू?”

अखेर पानं गळू लागली, तेव्हा तिनं वास सोडला. बुरशी जिवाच्या आकांतानं निघाली. बोटभर अंतर उरलं आणि वास थांबला.

“वाळली गं ती,” गांडूळ म्हणालं.

बुरशी अजून तिकडेच तोंड करून आहे.