मैनांची वाहवा

सांगा बरे, तुमच्या घरी जेवताना कोण कोणाशी बोलते?

एका राज्यात पंगतीत कोणी बोलत नसे. पूर्वी एका राजाला बोलता बोलता ठसका लागून मरण आले होते, तेव्हापासून तिथे जेवताना मौन असे. त्या राज्यात एक जादूगार आला आणि त्याने वयात येणाऱ्या मुलांना मैना वाटल्या. मैना घरोघर उडत आणि कोण कोणाला काय म्हणाले ते कानात सांगत. "तुझे केस किती छान!" "तिच्याकडे तुझ्याहून जास्त मैना गेल्या!" मुले रात्रंदिवस खिडकीत बसू लागली. झोप उडाली, अन्न नकोसे झाले. मग त्यांना पिसे फुटली आणि एकेक जण मैना होऊन छपरावर जाऊन बसला.

राजकन्या मेघावलीच्या कानामागे पहिले पीस दिसले, तेव्हा राणी पद्मसेना धावत आली. तिने खिडक्या लावून घेतल्या. मैना धुराड्यातून आल्या. तिने त्यांना पिंजऱ्यात कोंडले. राजकन्या पिंजऱ्यालाच बिलगली.

अखेर राणी जादूगाराकडे गेली. "माझी लेक परत द्या."

"मी फक्त पाखरे दिली, राणीसाहेब. भूक तुमच्याच घरची होती."

राणी परतली. पाने वाढली होती. तिने घास खाली ठेवला आणि सर्वांदेखत विचारले, "मेघा, आज तुला कसली भीती वाटली?"

राजाने डोळे वटारले. वाढपी जागीच थिजला. मैना कलकलल्या, "किती सुंदर! किती सुंदर!" राणी थांबली. भात निवला, तरी ती थांबली.

"काल मैना कमी आल्या," राजकन्या हळूच म्हणाली. "वाटले, मी कोणालाच नको आहे."

मग राजाच घसा खाकरून म्हणाला, "सभेत मलाही तसे वाटते, बाळ."

"तुम्हाला, तात? एवढा मुकुट घालून?"

"मुकुटामुळेच. सगळे त्याच्याशीच बोलतात."

मेघावली खळखळून हसली, आणि पीस गळून भातात पडले. त्या रात्री ती आईच्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने दवंडी पिटवून पंगतीतले मौन उठवले. घराघरांतून आयांनी मुलांना नावाने हाका मारल्या, आणि छपरांवरच्या मैना खाली उतरून, मुले होऊन जेवायला बसल्या.