तांब्यातले पाणी

एकदा एक शाळामास्तर ऐन चाळिशीत दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळला. पुढे ही हकीकत सांगताना तो आधी बजावत असे, की हे तापाच्या गुंगीतले स्मरण आहे. यातले घडले किती आणि आपल्याला भासले किती, याची खात्री नाही.

आजार छातीचा होता. वैद्य म्हणाले, "औषध लागू पडेल, पण वेळ लागेल. तोवर शरीर टिकलं पाहिजे." शरीर टिकवायचे म्हणजे ते हलवायचेच नाही, असा अर्थ घरात घेतला गेला. पाण्याचा पेलाही पत्नी ओठांशी धरी. हिवाळा सरता सरता ताप उतरू लागला. पण मांड्या काटकुळ्या झाल्या होत्या आणि आधाराशिवाय उभे राहवत नव्हते. आता आपण शाळेची पायरी चढत नाही, असे त्याने मनाशी धरले.

तरुणपणी ज्यांच्या तालमीत तो घुमला होता, ते वृद्ध वस्ताद समाचाराला आले. त्यांनी वैद्यांना बाजूला घेऊन काही विचारले. मग उशाजवळचा पितळी तांब्या उचलून पडवीकडे गेले आणि परत येऊन तो समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवला.

"सूनबाई, तहान लागली की हा उठेल. तू हातात द्यायचं नाही."

"काका, त्यांना दोन पावलं टाकवत नाहीत."

"भिंत धरेल. झोक गेला तर तू आहेसच."

मास्तर भिंत धरून गेला. दोन्ही हातांनी तांब्या उचलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

दर बाजाराच्या दिवशी वस्ताद येत. एकदा मास्तर चिडून म्हणाला, "पहिल्या दिवशी हा तांब्या जेवढा जड लागला, तेवढाच आजही लागतो. माझ्यात काडीचा फरक नाही. उगाच छळता मला."

"जिभेत तर बरीच ताकद आलीय," वस्ताद म्हणाले. मग जवळ बसले. "कुस्त्या नसतात तेव्हा आपण तालमीच्या हौद्यातली माती खणायची सोडतो का?"

"नाही. रोज फावडं लावतो."

"का?"

"न खणलेली माती दगडासारखी होते. पहिला पडेल त्याचं हाड मोडतं."

"मग अंगाला वेगळा न्याय कसा? आजारात कुस्ती धरू नये, दम लागला की बसावं. पण माती हलती ठेवावी. रोग जाईल तेव्हा नवं अंग मागायला कुणाकडे जाशील? राखलं असेल तेवढंच हाती उरेल."

मास्तर उठला आणि भिंतीला हात न लावता कोनाड्यापर्यंत गेला.

आजार पुढेही बरेच महिने चालला. तो गेला तेव्हा मास्तर आपल्या पायांनी शाळेत गेला.

वस्ताद निवर्तल्यावर कितीतरी वर्षांनी तो तांब्या हाती घेऊन मास्तर पत्नीला म्हणाला, "हा कधी हलका लागलाच नाही बघ."

"लागेल कसा?" ती म्हणाली. "काका दर खेपेला सांगायचे, सूनबाई, आज थोडं जास्त भर."

त्या साऱ्या धूसर स्मरणात एवढीच गोष्ट त्याने पडताळलेली आहे: पहिल्या दिवशी तांब्यात जेमतेम दोन घोट पाणी होते, आणि अखेरीस तो काठोकाठ भरलेला असे.